बेचाळीस आया

बेचाळीस वह्या, बेचाळीस आया.
सगळ्या पहाटे पाचला उठतात,
सगळ्यांचे हात खरखरीत, मन लोण्याहून मऊ.
तांडापेठेच्या शाळेत ऑक्टोबरची दुपार,
कूलरमधलं पाणी संपलंय, नुसता गरम वारा फिरवून राहिलाय,
आणि लाल पेनाचं टोपण माझ्या दातात.

दोष पोरांचा नाही.
फळ्यावर मीच लिहिलं होतं:
सुरुवात सुभाषितानं, मध्ये तीन परिच्छेद, शेवट आशेवर.

म्हणून वर्णनात्मकमध्ये फुटाळ्याचं पाणी निळंशार.
मी कधी पाहिलं नाही निळं.
हिरवट असतं, काठाला मक्याच्या सालांचा ढीग,
एक कुत्रं सालांवर झोपलेलं.
"मग कुत्रं लिहा न," मी म्हणते.
रुंजी सोरते विचारते, "कुत्र्याले मार्क भेटते का मॅडम?"

आत्मकथनात फाटकी छत्री
निवृत्त मुख्याध्यापकासारखी बोलते.
"पराते, तुझ्या घरी माग होता न?"
"भंगारात देला. चौदाशे."
मग त्याला बोलू दे.
पण त्याच्या तोंडी 'जीवनाच्या वाटेवर' घालू नको,
त्याला फक्त खटक येतं, आणि पुन्हा खटक,
आणि शेवटी चौदाशे.

'सूर्य उगवला नाही तर'मध्ये कुणीतरी लिहिलं,
आमच्या गच्चीवरचे पापड वाळणार नाहीत.
पुढे दीड पान जग अंधारात, माणुसकी हरवलेली.
मी पापडाखाली रेघ ओढली,
दीड पानाला कंस केला.

वैचारिक तर तराजूच: मोबाईल शाप अर्धं पान,
वरदान अर्धं पान, आणि 'योग्य वापर केल्यास'.
"तुम्हाला काय वाटतं?" विचारलं
तर वर्ग असा चूप, जसं कुणी कुणाची चुगली मागितली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत उभी होते.
पिवळी मारबत चालली होती, पोट्टे ओरडत होते,
रोगराई घेऊन जाय गे मारबत!
मीही हळूच ओठातल्या ओठात:
'निसर्गाच्या कुशीत' घेऊन जाय,
'काळाची गरज' घेऊन जाय,
'म्हणूनच म्हणतात' घेऊन जाय गे मारबत!
सोमवारी सगळे वहीत परत हजर.

शेवटची वही हिमेश हेडाऊची.
त्याची आई मेयोत आया आहे, रात्रपाळीला.
पाचला ती उठत नाही,
पाचला ती कुणाचं तरी भांडं धूत असते.
पालकसभेत बसल्या बसल्या झोपली होती,
मी उठवलं नव्हतं.
वहीत मात्र सडा घालते, ओव्या गाते.

बोलावला त्याला. "गाते का रे तुझी आई?"
"नाही मॅडम."
"मग?"
पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिला.
"ते येते तवा मी निघतो. पायरीवर भेटतो आमी.
मी चाबी देतो, ते डबा उघडून पायते.
तिच्या हाताले फिनाइलचा वास येते.
शाळेत पोछा मारला का मले..."
थांबला.
"काय?"
"काही नाही. आठोते."

"हे लिही."
"हेच?"
"हेच."
"मार्क कापान न तुमी?"

प्रास्ताविक दोन, मुद्दे चार, भाषा दोन, समारोप दोन.
फिनाइलला रकाना नाही.
मार्चमध्ये याचा पेपर कुठल्या गावी जाईल,
दोनशेच्या गठ्ठ्यात, चार मिनिटांच्या वाट्याला,
मी काय सांगू?
मी सांगितलं, "मी नाही कापणार."
एवढंच माझ्या हातात होतं, तेवढं खरं बोलले.

त्यानं पेन मागितला. मी हातातला दिला.
"लाल हाय मॅडम."
"असू दे."
त्यानं लिहिलं, 'माझी आई पहाटे',
थांबला, खोडलं.
मी खिडकीबाहेर बघू लागले, जणू माझं लक्षच नाही.
बऱ्याच वेळानं कागदावर
पेन पुन्हा टेकल्याचा आवाज आला.